काळ्या कागदावर पांढरा गम: पापुद्रे का सुटतात आणि थर कसा टिकवायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पांढऱ्या कागदावर गम बायक्रोमेट प्रिंट नीट जमतात: डिंक, रंग आणि प्रकाशाला संवेदनशील डायक्रोमेट यांचा थर लावायचा, वर निगेटिव्ह ठेवून प्रकाश द्यायचा आणि कच्चा राहिलेला थर पाण्यात धुऊन टाकायचा. तीच कृती काळ्या कागदावर टायटॅनियम व्हाइट घेऊन केली, तर पहिल्या खेपेला चित्र उलटं, निगेटिव्हसारखं आलं. मग निगेटिव्हऐवजी पॉझिटिव्ह लावली, तर उजळ भागांचे पापुद्रे सुटून पाण्यावर तरंगले आणि उरलेल्या चित्रात सावल्यांवर दुधट पडदा राहिला. एक्स्पोजर दुप्पट-तिप्पट करूनही पापुद्रे सुटायचे थांबले नाहीत, पडदा मात्र वाढला.

उलट्या चित्राचं आधी मिटवून टाकू. गममध्ये जिथे प्रकाश पोचतो तिथे डायक्रोमेटमधलं क्रोमियम सहा संयुजेवरून तीनवर येतं, डिंकाचे रेणू एकमेकांना बांधतं आणि रंग तिथेच अडकतो. रंग गडद असेल तर प्रकाशाने काळोखी येते, म्हणून निगेटिव्ह लागते. रंग उजळ असेल तर प्रकाशाने उजेडच येतो, म्हणून पॉझिटिव्ह. संगणकावर चित्र इन्व्हर्ट न करता, फक्त आडवं उलटवून ट्रान्सपरन्सीवर (पारदर्शक फिल्मवर) छापा, म्हणजे शाईची बाजू थराला चिकटून बसेल.

खरी अडचण पुढे आहे, आणि पापुद्रे व पडदा या दोन्ही तक्रारींचं बरंचसं मूळ तिच्यात सापडतं. थराला कडक करणारा प्रकाश हा मुख्यतः अतिनील आणि जांभळा, आणि नेमका तोच प्रकाश पांढरं रंगद्रव्य अडवतं. उन्हापासून वाचवणाऱ्या मलमांत टायटॅनियम डायऑक्साइड आणि झिंक ऑक्साइड घालतात ते याचसाठी. एक्स्पोजर वरून होतं. वरचा भाग कडक होतो, त्याच्याखाली प्रकाश पोचतच नाही, आणि कागदाला टेकलेला डिंक कच्चा राहतो. पाण्यात घातल्यावर हा खालचा कच्चा डिंक विरघळतो आणि वरची कडक कातडी दुधावरच्या सायीसारखी अख्खी निघून येते. पापुद्रा चिमट्याने उचलून उलटा करून पाहा. वरची बाजू कोरडी, खरबरीत असते आणि खालची बुळबुळीत. असा पापुद्रा हाती आला की निदान पक्कं समजा.

वेळ वाढवून हे का सुटत नाही? थरात प्रकाश खाली जाताना घातांकाने घटतो. वेळ दुप्पट केला तर कडक झालेली खोली दुप्पट होत नाही, जेमतेम थोडी वाढते. तेवढ्या वेळात पॉझिटिव्हच्या गडद भागांतून झिरपणारा प्रकाश सावल्यांतला पातळ थर पकडून ठेवतो. म्हणजे पापुद्रे तसेच आणि पडदा फुकटात. सुटका तीन गोष्टींत आहे: पांढरा कोणता, तो किती, आणि दिवा कोणता.

आधी पांढरा कोणता ते. रंगद्रव्याची झाकण्याची ताकद ठरते ती त्याचा आणि डिंकाचा अपवर्तनांक यांच्यातल्या फरकावर. डिंक साधारण 1.48. खडू 1.6 च्या आसपास, बेरियम सल्फेट 1.64, झिंक ऑक्साइड 2.0, आणि टायटॅनियम डायऑक्साइडच्या दोन स्फटिकरूपांपैकी अनाटेज 2.5, रुटाइल 2.7. म्हणून खडू, चिनी माती, बेरियम सल्फेट हे डिंकात जवळपास पारदर्शक होतात आणि काळ्यावर नुसती मळकट राखाडी छटा देतात. अतिनील प्रकाश ते फारसा अडवत नाहीत हे खरं, पण झाकतही नाहीत. स्वस्त पोस्टर कलरच्या पांढऱ्यात हाच भरणा असतो. शिवाय खडू अल्कली असल्याने डायक्रोमेटचं क्रोमेट करतो आणि संवेदनशीलता घसरते. पोस्टर कलर या कामातून बाद.

उरले तीन. रुटाइल साधारण 410 नॅनोमीटर तरंगलांबीच्या खालचा सगळा प्रकाश शोषतो, अनाटेज 385 ते 390 च्या खालचा, आणि झिंक ऑक्साइड 375 च्या आसपासपासून खालचा. आता तुमच्या एक्स्पोजर पेटीत 365 नॅनोमीटरचे एलईडी असतील, तर तिन्ही पांढरे तुमच्या विरोधात आहेत. 395 ते 405 चे एलईडी लावले की अनाटेज आणि झिंक यांचं शोषण जवळपास संपतं. प्रकाश विखुरतो, पण खाली पोचतो. डायक्रोमेट निळ्या प्रकाशापर्यंत संवेदनशील असल्याने 400 च्या आसपास त्याचं काम व्यवस्थित चालतं. उन्हात दोन्ही प्रकारचा प्रकाश भरपूर असतो, म्हणून 365 च्या पेटीत हटून बसलेला थर कधी कधी गच्चीवर निमूटपणे जमतो. रुटाइलला मात्र ऊन असो की एलईडी, थर पातळ ठेवण्यावाचून इलाज नाही.

बाजारात सुटी मिळणारी टायटॅनियमची पावडर बहुधा रुटाइल असते, कारण भिंतीच्या रंगांना तीच लागते. कागद, साबण आणि सौंदर्यप्रसाधनं यांच्यासाठी अनाटेज विकतात. घेताना पोत्यावरचा ग्रेड विचारा. आपल्याकडे केरळातल्या चवरा इथल्या केएमएमएलचा माल रुटाइल, तर तिरुवनंतपुरमच्या त्रावणकोर टायटॅनियमचा अनाटेज. अनाटेजची एक खोड सांगून ठेवायला हवी: प्रकाशात तो स्वतः भोवतालचा बांधणारा पदार्थ कुरतडतो आणि पृष्ठभाग पिठूळ होऊ शकतो. प्रिंट भिंतीवर लावायची असेल तर अतिनील अडवणारी काच घाला आणि उन्हाची भिंत टाळा.

झिंक व्हाइट, म्हणजे जलरंगाच्या ट्यूबमधला चायनीज व्हाइट, सौम्य झाकतो. मधल्या छटांसाठी मला तो टायटॅनियमपेक्षा सरस वाटतो, पण डायक्रोमेटबरोबर तो पूर्ण निष्क्रिय नसतो. मिश्रण ठेवून दिलं तर किंचित पिवळं झिंक क्रोमेट तयार होऊ शकतं. लावण्याआधी मिसळा आणि उरलेलं ठेवू नका. शिशाचा सफेदा मात्र अजिबात नको. डायक्रोमेट लागताच त्याचं लेड क्रोमेट होतं, म्हणजे पिवळा पडलेला आणि दुहेरी विषारी थर. पितळ-तांब्याच्या सोनेरी पावडरीही डायक्रोमेटमध्ये काळवंडतात. चकाकी हवी असेल तर अभ्रकावर टायटॅनियमचा थर असलेली पर्ल पावडर घ्या. तिचे कण चपटे आणि बऱ्यापैकी पारदर्शक असल्याने प्रकाश खालपर्यंत जातो, आणि पापुद्र्यांचा त्रास सगळ्यांत कमी तिच्यात होतो. पहिल्याच प्रयत्नात हाताला यश हवं असेल तर सुरुवात अभ्रकापासून करा.

आता प्रमाण. डिंक 30 ग्रॅम, पाणी 100 मिली, रात्रभर भिजवून फडक्यातून गाळलेला. किराणा दुकानात "खायचा डिंक" म्हणून जे मिळतं त्यात बाभळीचा, धावड्याचा आणि राजस्थानातल्या कुमटाचा डिंक सरमिसळ असतो. लाडवांना काय, कुठलाही चालतो. गमला कुमट उत्तम, बाभळीचा चालेल, पण तो गडद असतो आणि पांढऱ्या रंगात त्याचा तपकिरी अंश दिसतो. धावड्याचा डिंक पूर्ण विरघळत नाही, जेलीसारख्या गुठळ्या ठेवतो. कतिरा तर नुसता फुगतो. डिंकात दोन-चार थेंब लवंगेचं तेल टाकलं की बुरशी लांब राहते.

10 मिली डिंकाला अनाटेज 1 ग्रॅम, रुटाइल 0.5 ग्रॅम, झिंक दीड ते 2 ग्रॅम, अभ्रक 1 ते दीड ग्रॅम. ही सुरुवातीची मापं आहेत. गडद रंगांच्या सवयीने हात यापेक्षा सैल सुटतो, आणि तिथेच घात होतो. कोरडी पावडर डिंकात नुसती ढवळून भागत नाही. काचेवर थोड्या डिंकाबरोबर मलरने (रंग घोटायच्या सपाट बुडाच्या बत्त्याने) किंवा सपाट सुरीने पाच मिनिटं घोटा. गुठळी राहिली तर काळ्यावर ती पांढऱ्या ठिपक्याच्या रूपाने कायमची दिसते.

हा रंगीत डिंक एक भाग आणि 10 टक्के पोटॅशियम डायक्रोमेट एक भाग. 20 × 25 सेंटिमीटरला एकूण 4 ते 5 मिली पुरतं. रुंद मऊ ब्रशने लावा आणि दुसऱ्या कोरड्या ब्रशने आडवं-उभं हलकं फिरवून समतल करा. लावलेला ओला थर काळ्यावर फिकट नारिंगी, अर्धपारदर्शक दिसायला हवा आणि कागदाचा पोत त्यातून जाणवायला हवा. एकाच कोटात कागद झाकला गेला असेल तर तो कोट सुटणारच. तो पुसून पुन्हा लावलेला बरा. पांढरा उजाळा तीन-चार पातळ थरांनी चढवायचा असतो.

पहिला पातळ थर वाळल्यावर एक गोष्ट बघून दचकू नका: पांढरा रंग निळसर राखाडी दिसतो. काळ्या पार्श्वभूमीवरचे बारीक पांढरे कण निळा प्रकाश जास्त विखुरतात, चित्रकारांना हे ठाऊकच असतं. थर वाढत गेले की उजळ भागातला निळेपणा जातो, मधल्या छटांत मात्र राहतो. चांदण्याचं चित्र असेल तर राहू द्या. माणसाचा चेहरा असेल तर पहिल्या दोन थरांत पांढऱ्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका पिवळा गेरू मिसळा. शेवटच्या थरात शुद्ध पांढरा ठेवा आणि तो फक्त सर्वांत उजळ जागांपुरता, कमी एक्स्पोजरने छापा.

दुधट पडद्याची चार कारणं असू शकतात आणि ती वेगवेगळी ओळखता येतात. प्रत्येक प्रिंटच्या एका कडेला थरावर अपारदर्शक पट्टी लावून ठेवा, तिथे प्रकाश अजिबात पोचता कामा नये. धुतल्यावर ही कड स्वच्छ काळी आणि सावल्या मात्र दुधट असतील, तर दोष पॉझिटिव्हच्या घनतेचा, म्हणजे प्रकाश अडवण्याच्या ताकदीचा. प्रिंटरची काळी शाई डोळ्याला काळी दिसते, पण अतिनीलला दरवेळी तितकी अडवत नाही. कडही दुधट असेल तर आणखी एक चाचणी करा: कोट लावलेला तुकडा वाळताच, एक्स्पोज न करता लगेच पाण्यात घाला आणि दुसरा तुकडा अंधारात तासभर ठेवून मग घाला. पहिल्यातही रंग राहिला तर सायझिंग, म्हणजे कागदाला आधी दिलेला जिलेटिनचा हात, कमी पडलं, कण तंतूंत शिरले. पहिला स्वच्छ आणि दुसरा दुधट असेल, तर अंधारातच थर कडक होतोय. पावसाळ्यात, विशेषतः कोकणपट्टीत आणि मुंबईत, दमट हवेमुळे हे फार होतं. पंख्याच्या गार हवेवर वाळवा आणि वाळल्यापासून अर्ध्या तासात एक्स्पोज करून पाण्यात घाला. चौथं कारण सगळ्यांत साधं: टायटॅनियम जड असतो, प्रिंट ट्रेमध्ये वर तोंड करून ठेवली की सुटलेले कण तिच्यावरच बसतात. प्रिंट नेहमी पालथी तरंगवा.

सायझिंगसाठी 250 ब्लूमचं (ब्लूम हे जिलेटिनच्या घट्टपणाचं माप) जिलेटिन 30 ग्रॅम, पाणी एक लिटर. वीस मिनिटं गार पाण्यात फुगवा, 50 अंशांपर्यंत गरम करा, उकळू नका. कडक करायला क्रोम अॅलम, जिलेटिनच्या वजनाच्या दोन टक्के, म्हणजे 0.6 ग्रॅम, थोड्या कोमट पाण्यात विरघळवून सायझिंग ढवळत हळूहळू सोडा. पांढऱ्या कागदावर क्रोम अॅलमची हिरवट झाक खुपते, काळ्यावर तिची पर्वा नाही, आणि एरवी कडक करायला वापरतात त्या फॉर्मलिनचा वास व धोका दोन्ही टळतात. दोन हात द्या, पहिला पूर्ण वाळल्यावर दुसरा.

आता कागद. तयार काळे कागद दोन प्रकारचे असतात: कार्बनसारख्या रंगद्रव्याने लगद्यातच रंगवलेले आणि डायने, म्हणजे विरघळणाऱ्या रंगाने, रंगवलेले. डायचा कागद पाण्यात तासभर उतरत राहतो आणि क्लिअरिंगमध्ये (उरलेल्या क्रोमियमची झाक काढणाऱ्या मेटाबायसल्फाइटच्या शेवटच्या धुण्यात) कधी तपकिरी, कधी जांभळा पडतो. विकत घेतलेल्या प्रत्येक कागदाची एक पट्टी पांढऱ्या टिपकागदावर ओली करून तासभर ठेवा आणि दुसरी दोन टक्के मेटाबायसल्फाइटमध्ये दहा मिनिटं. दोन्ही तपासण्यांत टिकला तरच पुढे जा.

याहून खात्रीचा मार्ग म्हणजे काळा कागद स्वतः बनवणं. 300 जीएसएमचा पांढरा सुती जलरंग कागद किंवा पुण्याच्या हातकागद संस्थेत मिळतो तसा जाड, चिंध्यांचा कागद घ्या. आधी गरम पाण्यात भिजवून वाळवा, म्हणजे पुढच्या थरांच्या वेळी कागद आकसून आधीच्या चित्राशी जुळणी सरकणार नाही. मग वर दिलेल्या सायझिंगमध्येच लॅम्प ब्लॅक जलरंगाची ट्यूब पिळा, लिटरला 15 ते 20 ग्रॅम, आणि ब्रशने दोन हात द्या. काळेपणा आणि सायझिंग एकाच कामात होतात, आणि रंग कार्बनचा असल्याने पाणी, डायक्रोमेट, सल्फाइट कशालाच दाद देत नाही. त्यावर बिनरंगी सायझिंगचा एक हात. काळ्याऐवजी खोल निळा हवा असेल तर निगेटिव्हशिवाय पूर्ण एक्स्पोज केलेला सायनोटाइप (लोहक्षारांची निळी छपाई) हा सुंदर पाया होतो. त्याला फक्त अल्कली चालत नाही, म्हणून क्लिअरिंगला मेटाबायसल्फाइटच वापरा, साधं सोडियम सल्फाइट नको.

एक्स्पोजर ठरवायला 21 पायऱ्यांची स्टेप वेज, म्हणजे पायरीपायरीने गडद होत जाणारी फिल्मची पट्टी, हवीच. मार्चच्या दुपारच्या उन्हात पातळ अनाटेज थराला 3 ते 6 मिनिटांत सुरुवात करा. पेट्यांचं प्रमाण देण्यात अर्थ नाही, प्रत्येकीची ताकद वेगळी. धुतल्यावर किती पायऱ्यांत छटा दिसते ते मोजा. गडद गममध्ये सहा-सात मिळतात, पांढऱ्यात बहुधा चार-पाच. एक पायरी 0.15 घनतेची, म्हणजे पॉझिटिव्हचा घनतेचा पल्ला 0.6 ते 0.75 इतकाच ठेवायचा. पल्ला त्याहून मोठा असेल तर सावल्यांतला तपशील जाणार. साध्या गममध्ये आधी जातात त्या उजळ भागातल्या नाजूक छटा, इथे सावल्यांतल्या. चित्र निवडताना हे ध्यानात ठेवा. काळोखात थोडाच उजेड असलेली चित्रं या पद्धतीला मानवतात, समुद्रकिनाऱ्यावरची भर दुपार नाही. काळ्यावर चिमूटभर पांढराही लगेच डोळ्यांत भरतो, त्यामुळे मधल्या छटा अपेक्षेपेक्षा उजळ येतात. पॉझिटिव्ह करताना संगणकावर (0 काळा, 255 पांढरा) 128 ची छटा 90 ते 100 वर आणून पहिली चाचणी घ्या.

धुण्याचं पाणी 20 ते 25 अंश, प्रिंट पालथी. पहिल्या पाच मिनिटांत पिवळं पाणी बदला, मग अर्धा-पाऊण तास हात लावू नका. खालून दुधाच्या बारीक धारा सुटताना दिसतात, त्या थांबल्या की झालं. ओल्या प्रिंटवर निकाल देऊ नका. वाळल्यावर काळा कागद मॅट होऊन उजळतो, पांढरा अधिक पिठूळ होतो, आणि कॉन्ट्रास्ट उतरतो.

सगळे थर झाल्यावर उजळ भागांत तपकिरी-हिरवट झाक उरते. ती क्रोमियमची. गडद रंगात ती लपते, पांढऱ्यात नाही. पूर्ण वाळलेली प्रिंट दोन टक्के पोटॅशियम मेटाबायसल्फाइटमध्ये 3 ते 5 मिनिटं, मग वीस मिनिटं पाण्यात. थोडी हिरवट छटा तरीही राहू शकते. गेरू मिसळलेल्या थरात ती जाणवत नाही.

पापुद्रे कशानेच थांबत नसतील तर कागद सोडून पारदर्शक पॉलिएस्टर फिल्म घ्या. तिच्यावर जिलेटिनचा कडक केलेला पातळ हात द्या, पांढरा गम लावा आणि एक्स्पोजर मागून, फिल्ममधून करा. थर खालून कडक होत येतो, त्यामुळे सुटण्याचा प्रश्न राहत नाही आणि मधल्या छटा कागदावर कधी मिळणार नाहीत इतक्या सलग येतात. पॉझिटिव्ह या वेळी उलटवू नका, शाईची बाजू फिल्मच्या पाठीला लावा. 100 मायक्रॉनची फिल्म आणि उन्हासारखा एका दिशेचा प्रकाश असेल तर तीक्ष्णता फारशी जात नाही. नंतर पाठीला काळा रंग द्या किंवा काळा कागद लावा.

डायक्रोमेट कर्करोगकारक आहे आणि कातडीला कायमची अॅलर्जी लावतं. नायट्राइलचे हातमोजे, पावडर तोलताना मास्क, फवारणी कधीच नाही. पहिली दोन पाणी बादलीत साठवा, त्यात थोडं व्हिनेगर आणि मेटाबायसल्फाइट टाकत जा, नारिंगी जाऊन हिरवट झालं की धुण्याचा सोडा घालून पीएच 8 ते 9 वर आणा. तळाशी बसलेला गाळ वेगळा वाळवून घातक कचरा घेणाऱ्यांकडे द्या, मोरीत नको.

वार्निश लावू नका. पिठूळ पांढऱ्याच्या पोकळ्या भरल्या की तो अर्धपारदर्शक होतो आणि मेहनतीने चढवलेल्या मधल्या छटा एका हातात खाली बसतात. काळा अधिक खोल हवा असेल तर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा अगदी पातळ हात मऊ फडक्याने द्या, तोही आधी चाचणीच्या पट्टीवर.